पान चारवरची चौकट

आमच्या पत्रकारिता विभागात मी वाचक शिकवते. वर्तमानपत्राचा वाचक काय वाचतो, काय सोडून देतो आणि काय वाचल्याचं नुसतंच सांगतो, हा माझा विषय. असा काही विषय असू शकतो हेच पुष्कळांना पटत नाही. माझ्या सासूबाईंची तर समजूत आहे की मी कॉलेजात जाऊन दिवसभर पेपर वाचत बसते, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं मलाही म्हणता येत नाही.

या जानेवारीत ‘दैनिक मुठाकाठ’चे संपादक सलिल देवधर विभागात आले. वय चाळिशीच्या आत, बोलणं मऊ, आणि चेहरा कायम कुठेतरी पोचायला उशीर झालेल्या माणसाचा. त्यांना अंकाची मांडणी नव्याने करायची होती. पानं कमी होणार होती, म्हणून कुठल्या मजकुराला वाचक आहे आणि कुठल्या नाही, हे त्यांना कळायला हवं होतं.

“शास्त्रशुद्ध पद्धतीने सांगा, उल्काताई,” ते म्हणाले. “म्हणजे मला ऑफिसात कोणाशी भांडावं लागणार नाही.”

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा खरं वाटलं, म्हणून मी काम घेतलं.

माझी पद्धत साधी आहे. वाचकाच्या घरी जायचं, त्या दिवसाचा अंक आणि एक लाल पेन्सिल त्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं, जे जे वाचाल त्यावर खूण करा. मग गप्प बसायचं. यात गप्प बसणं हाच अवघड भाग आहे, आणि माझ्यासारख्या पेठेत वाढलेल्या बाईला तो जरा जास्तच अवघड जातो.

कोथरूडमधले एक निवृत्त प्राध्यापक अग्रलेखावर ठसठशीत खूण करून शब्दकोडं सोडवत बसले. हडपसरच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या अपेक्षाने पहिल्या पानावर दोन खुणा केल्या आणि म्हणाली, “मॅम, बाकीचं सगळं मी ऑलरेडी काल फोनवर बघितलंय.” लोणी काळभोरला जयसिंग काळभोर यांच्या घरी पेन्सिल आधी त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी घेतली. त्यांनी निधनवार्तांचा सबंध रकाना लाल केला, सोन्याच्या भावावर एक रेघ मारली आणि टोक सांभाळून पेन्सिल नवऱ्याकडे दिली. जयसिंगरावांनी कांद्याच्या बाजारभावावर खूण केली आणि मला गुळाचा चहा पाजला.

पेठांपासून लोणीपर्यंत सगळ्या अंकांत एका जागी मात्र कोणाचीही खूण नव्हती. ती जागा म्हणजे पान चारवर अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यातली चौकट. मथळा, ‘धरणांतील आजचा पाणीसाठा’. खाली खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि प्रत्येकापुढे आकडा. त्याखाली एक ओळ, कालव्यात पाणी चालू की बंद. आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत, ‘संकलन : श्यामसुंदर खांबेटे’. सगळी मिळून काडेपेटीएवढी जागा.

मार्चमध्ये देवधरांनी माझा तक्ता पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची घाई पहिल्यांदाच थांबली.

“ही चौकट काढायचं माझ्या मनात कधीपासून आहे,” ते म्हणाले. “आकडे आता कोणालाही मोबाइलवर मिळतात. पण खांबेटे सरांना सांगणार कोण?”

सांगायला आम्ही दोघं गेलो. खांबेटे सर त्याच वर्तमानपत्रात आयुष्यभर बातमीदार होते. पाटबंधारे खातं आणि महापालिका हे त्यांचे विषय. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण ही चौकट तेवढी त्यांनी मागून स्वतःकडे ठेवली होती. रोज सकाळी पाटबंधारे खात्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा, आकडे घ्यायचे, ऑफिसला पाठवायचे. मुलगी परदेशी होती, बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात सकाळी उठायला त्यांना एवढंच एक कारण उरलं होतं, असं देवधरांनी जिना चढताना मला सांगितलं आणि मग स्वतःच अस्वस्थ झाले.

खांबेटे सरांनी माझा तक्ता चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला.

“म्हणजे आपल्या पाहणीत माझा एकही वाचक सापडला नाही.”

“नाही, सर.”

“नीट शोधलात?”

“हो.”

“मग नसणारच. आपण नीट शोधलं आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.” त्यांनी तक्ता होता त्याच घडीवर दुमडून परत दिला. “मलाही शंका होतीच म्हणा. एकदा एका पावसाळ्यात आकड्यांखाली मी एक ओळ जास्तीची लिहिली होती, तर तेव्हाच्या संपादकांनी मला बोलावून सुनावलं. चौकटीत आकडे द्या, उपदेश नको. त्या ओळीचं पुढे काय झालं ते विचारायलाही कोणी आलं नाही. तेव्हापासून फक्त आकडे.”

देवधर काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले, तर सरांनी हात वर केला.

“असं करा. काढून टाकायच्या आधी चार दिवस गाळून पाहा. कोणालाही न सांगता. एका माणसानं जरी ऑफिसात विचारणा केली तर पुन्हा छापा, नाही केली तर माझी काही तक्रार नाही. मला वाचक होता की नव्हता, एवढं मरायच्या आधी कळलं म्हणजे झालं.”

वाचकांच्या अभ्यासात ही युक्ती जुनी आहे. एखादा मजकूर वाचकाचा कोण लागतो, हे तो मजकूर नाहीसा केल्यावरच कळतं. सर हे सगळं गमतीत बोलत होते, पण तक्ता मी पिशवीत घातला तरी त्यांची नजर पिशवीवरच होती. ते पाहून मला माझ्या तक्त्याचा राग आला.

मंगळवारी चौकट गेली. तिच्या जागी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. त्याच दिवशी शब्दकोड्याच्या उत्तरात एक चूक गेली होती, तर ऑफिसातल्या फोनला दुपारपर्यंत उसंत मिळाली नाही. पाणीसाठा कुठे गेला, असं मात्र कोणीही विचारलं नाही. बुधवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी देवधरांनी मला फोन केला आणि म्हणाले, “आता पुढचे दोन दिवस वाट पाहण्यात काही अर्थ दिसत नाही. तुम्ही सांगाल का त्यांना? मला नाही जमायचं.”

गुरुवारी सकाळी मी नारायण पेठेत गेले. सरांनी दार उघडलं. आंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा, टेबलावर त्या दिवसाचा अंक पान चारवर उघडलेला.

“बसा,” ते म्हणाले. “आपला चेहरा पाहिल्यावर निकाल विचारायचं कारण उरलं नाही. चहा घेणार?”

मी हो म्हटलं. ते आत जाणार तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात एक उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ उभे होते. मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या बाई, हातात फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. त्यांच्या मागे जिन्यात आणखी टोप्या दिसत होत्या.

“खांबेटे साहेबांचं घर हेच का?”

“हेच. आपण?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. चपला बाहेर काढल्या, आत आले, मान खाली घालून भिंतीशी सतरंजीवर बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. मागून आणखी चौघं-पाचजण आले आणि तसेच बसले. तेव्हा मी त्या दोघांना ओळखलं. जयसिंगराव आणि मैनाबाई. मैनाबाईंनीही मला ओळखलं आणि पदराने डोळे टिपत हळूच म्हणाल्या, “ताई, तुमीबी आलात व्हय. बरं केलंत.”

मला काही उमजेना. खांबेटे सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच होते.

“क्षमा करा,” ते म्हणाले, “पण आपलं काय काम होतं?”

“काम कसलं,” जयसिंगराव म्हणाले. “लई वाईट झालं. तुमी साहेबांचं भाऊ का?”

“कोणत्या साहेबांचा?”

“खांबेटे साहेबांचा. आमाला कळलं तसं निघालो बघा. कधी गेलं साहेब?”

मी सरांकडे पाहिलं. हा माणूस बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. महापालिकेतल्या भल्याभल्यांची यांनी एका वाक्यात फजिती केल्याचे किस्से मी ऐकले होते. मला वाटलं, आता काहीतरी जबरदस्त ऐकायला मिळणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश तिच्यावर बसले.

मुलाखत देणारा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, असं मी विद्यार्थ्यांना शिकवते. त्या दिवशी मी तो नियम पाळला असं म्हणता येईल. खरी गोष्ट अशी की माझीही वाचा बसली होती.

“आपल्याला कोणी सांगितलं?” सरांनी शेवटी विचारलं.

“सांगायला कशाला पायजे? पानी आलं न्हाय न्हवं पेपरात.” जयसिंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मंगळवारी वाटलं, आमचा अंकच खराब आला. हडपसरवरनं दुसरा मागवला, त्यातबी न्हाय. बुधवारीबी न्हाय. मग आमी पारावर बसून इचार केला. ह्या माणसानं कवा खाडा केलेला न्हाय. बाईसाहेब गेल्या तवाबी पानी छापून आलं हुतं.”

सरांनी मान वर केली.

“ते आपल्याला कसं ठाऊक?”

“पेपरातच हुतं की,” मैनाबाई म्हणाल्या. “निधनवार्तेत. कुमुदिनी श्यामसुंदर खांबेटे. मी वाचलं आन् ह्यांना म्हनलं, आवो, हे नाव आपल्या पान्याच्या खाली असतंय त्येच दिसतंय. मग खाली बघितलं, तर पानी हुतं. त्याच पानावर, त्याच दिवशी. मला लई कसंतरी झालं. बायको गेली आन् हा माणूस आमाला पान्याचं सांगतोय.” त्या थोडं थांबल्या. “तवाच यायला पायजे हुतं. पेरणी चालू हुती, न्हाय जमलं. म्हणून आता म्हनलं, आता तरी जायचंच.”

जयसिंगराव पुढे म्हणाले, “बायको गेल्यावरबी ज्यानं चुकवलं न्हाय, त्यो आता तीन दिस चुकवतोय म्हणजे दुसरं काय असणार?”

वाचक किती बारकाईने वाचतो, यावर मी परिषदांमध्ये बोलले आहे. आलेख दाखवले आहेत. पण एकाच पानावरच्या दोन बारीक गोष्टी जोडून एका अनोळखी घरातलं दुःख ओळखणारा वाचक मी कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं तो दिवस मनात जपून ठेवणारा वाचक असतो, हेही मला माहीत नव्हतं.

“पण फोन नाही केलात तुम्ही,” माझ्या तोंडून निघून गेलं. “ऑफिसात एक फोन केला असता तरी...”

जयसिंगरावांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. “माणूस गेलेल्या घरी फोन करत्यात व्हय, ताई? जात्यात.” मग सरांकडे वळून म्हणाले, “आज सकाळी साहेबांच्या हापिसात जाऊन पत्ता इचारला. दारावरचा माणूस म्हनला, साहेब हल्ली येत न्हाईत. मग खातरीच पटली.”

मी उठून गॅलरीत गेले, कारण मला डोळे पुसायचे होते. खाली पाहिलं आणि पुसायचं राहूनच गेलं. गल्लीत एक टेम्पो उभा होता. लावलेल्या स्कूटरींच्या कडेने, समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत माणसं उभी होती. पांढऱ्या टोप्या, काही बायका, एक-दोन तरुण हेल्मेट काखेत धरून. मांजरीची, फुरसुंगीची, लोणीची, उरुळीची. कालवा जिथून जिथून जातो तिथली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. जिना अरुंद म्हणून ती सगळी आपली पाळी येईपर्यंत खाली थांबली होती. समोरच्या खिडक्यांतून पेठेतली माणसं बघत होती, आणि त्यांनाही कोणाला, कधी नव्हे ते, काही विचारावंसं वाटत नव्हतं. माझ्या तक्त्यात या चौकटीपुढे मी शून्य लिहिलं होतं. ते शून्य खाली गल्लीत उभं होतं.

आत आले तेव्हा जयसिंगराव बोलतच होते. दुःखाच्या घरी जाऊन गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं असतं, तसं ते बोलत होते.

“कालव्याला पानी कवा सुटणार ते आमाला साहेबानंच सांगितलं. त्याच्यावर उसाच्या लागणी केल्या. पोरीचं, वैष्णवीचं लगीन पानी बंद हुतं त्या पंधरवड्यात धरलं, म्हणजे भावकीला रानात जायचं काम न्हाय. आन् त्यो पावसाळा तर इसरायचा न्हाय. आकड्याच्या खाली एक ओळ जादा हुती त्या दिवशी. नदीकाठच्या गोठ्यातली जनावरं आजच हलवावीत.”

सर खुर्चीत पुढे सरकले.

“हलवली होतीत?”

“हलवली की. नदीकाठच्या साऱ्यांनी हलवली. आमच्या म्हशी देवळाच्या पटांगणात बांधल्या. पाटील हसले आमाला, आभाळ तर मोकळं हाय म्हनले. राती धरणाचं पानी सोडलं. सकाळी बघितलं, तर गोठ्यात छातीएवढं पानी. त्या म्हशीच्या दुधावर पोरगं शिकलं आमचं. साहेबाला एकदा भेटून सांगायचं हुतं. राहून गेलं.”

खांबेटे सर उठले. मला वाटलं, आता ते सांगतील. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. रोजच्या फोनची वेळ झाली होती. चौकट छापली जात नव्हती, तरी रोज ते आकडे घेत होते, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, चष्मा खाली केला, नंबर लावला. जमलेल्यांकडे पाठ करून ते उभे राहिले.

“नमस्कार, खांबेटे बोलतोय,” ते म्हणाले. “हं, सांगा. खडकवासला? बरं. पानशेत? पुन्हा सांगा एकदा. वरसगाव?... टेमघर?... आणि कालव्याचं काय ठरलं? नक्की ना? नाही, छापायचं आहे म्हणून विचारतो. लोक त्यावर लागणी करतात.”

फोन ठेवून ते वळले, तेव्हा सतरंजीवरचं प्रत्येक माणूस त्यांच्याकडे पाहत होतं. मैनाबाईंच्या तोंडावर पदर होता. जयसिंगराव उठून उभे राहिले होते.

“मी भाऊ नाही,” खांबेटे सर म्हणाले. “मीच आहे. आधीच सांगायला हवं होतं. पण मला बोलता येईना.”

जयसिंगरावांनी मांडीवरून खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर नीट बसवली. मग दोन पावलं पुढे येऊन सरांच्या दंडाला हात लावला, माणूस खरा आहे ना हे बघावं तसा. हात तिथेच राहिला. सरांनी त्यावर आपला हात ठेवला. दोघेही रडत होते आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती.

मग मैनाबाईंनी पदर खाली घेतला.

“मग कालव्याला पानी कवा सोडत्यात?” त्यांनी विचारलं.

सरांनी डोळे पुसले, टेबलावरचा कागद हातात घेतला आणि पाटबंधारे खात्याच्या बैठकीची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं, “सोमवारी सकाळी. आपल्या भागात मंगळवारी पोचेल. उन्हाळी आवर्तन आहे, जपून वापरा.”

जयसिंगराव गॅलरीत गेले आणि खाली बघून म्हणाले, “साहेब हायेत. सोमवारी पानी सुटतंय.”

मग जिन्यावर चपलांचा जो धडाका उडाला तो सांगता येणार नाही. शेजारच्या दामलेकाकूंनी दार उघडलं आणि एरवी जिन्यात सायकल दिसली तरी सोसायटीला पत्र लिहिणाऱ्या काकूंनी मुकाट्याने आपल्या घरातल्या खुर्च्या बाहेर आणून दिल्या.

गाठोड्यात पिठलं आणि भाकरी होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मैनाबाई पहाटे उठून करून घेऊन आल्या होत्या. आता त्याचं काय करायचं, असा त्यांना प्रश्न पडला. असल्या निमित्ताने केलेलं अन्न जित्या माणसाला कसं वाढायचं?

“माझ्यासाठीच केलंय ना?” सर म्हणाले. “मग वाढा. स्वतःच्या दुखवट्याला जेवायला बसायचं भाग्य कितीजणांना मिळतं?”

आणि ते जेवले. कांदा बुक्कीने फोडून, भाकरी मोडून, मन लावून जेवले. मैनाबाई समोर बसून वाढत होत्या आणि मध्येच उगाच हसत होत्या.

मला मात्र एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

“मैनाबाई, मी तुमच्याकडे लाल पेन्सिल घेऊन आले होते. जे वाचता त्यावर खूण करा म्हटलं होतं. तुम्ही या चौकटीवर खूण नाही केलीत.”

“ते कुठं वाचायचं असतंय?” त्या म्हणाल्या. “ते बघायचं असतंय. तुमी घड्याळ वाचता का, ताई?”

मी माझ्या विषयावरची पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांतल्या एकातही हा प्रश्न नाही.

तिथून मी ‘मुठाकाठ’च्या ऑफिसात गेले तर देवधर मला पाहून उभे राहिले, कारण माझा अवतार बघण्यासारखा झाला होता. मी झालेलं सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि खाली बसले. मग त्यांनी स्वतः पान चार उघडलं आणि गुडघेदुखीचं तेल उचलून पान अकरावर टाकलं. संध्याकाळी सरांकडून आकडे आले. आकड्यांखाली या वेळी एक ओळ जास्तीची होती. देवधरांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी एक अक्षरही न बदलता पान छपाईला सोडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सोलापूर रस्त्याने लोणीला गेले. पेन्सिल नेली नव्हती. पाराजवळच्या चहाच्या टपरीवर जयसिंगराव आणि आणखी काहीजण अंकाची वाट पाहत बसले होते. मला पाहून त्यांनी बाकावर जागा केली आणि तेवढ्यात मोटारसायकलवरून गठ्ठा आला. जयसिंगरावांनी वरचा अंक घेतला, पहिलं पान न बघता आतलं उघडलं आणि अंगठा थेट डाव्या कोपऱ्यात नेला.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. कालवा सोमवारपासून चालू. त्याखाली नेहमीच्याच बारीक अक्षरांत ओळ होती, ‘गेले तीन दिवस ही चौकट प्रसिद्ध झाली नाही. संकलक हयात आहे.’

जयसिंगरावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. या वेळी ते खरोखर वाचत होते, ओठ हलत होते. मग त्यांनी अंक घडी करून शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

“हाय,” ते म्हणाले, आणि चहाचा ग्लास उचलला.